कॉलेजचा ऑनलाइन रेडिओ: मुलं 'ऐकू' म्हणतात, मग ऐकत का नाहीत?

भोसरीहून चाकणला जाणारी संध्याकाळची बस. मोशी मागे पडली की गाडी रांगायला लागते. चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं थांबत तळेगाव चौक येईपर्यंत तास-दीड तास सहज जातो. बसमध्ये निम्मी पोरं कॉलेजची, उरलेली कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेली. जवळजवळ सगळ्यांच्या कानात काहीतरी असतं: गाणी, रील, क्रिकेट, एखादं यूट्यूब लेक्चर.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी याच बसमध्ये बसून विचार करायचो, यातल्या एकाच्या तरी कानात आपला रेडिओ असेल का? कारण त्या वर्षी आम्ही काही जणांनी मिळून कॉलेजचा ऑनलाइन रेडिओ सुरू केला होता. आधी ग्रुपवर एक फॉर्म फिरवला. 'कॉलेजचं रेडिओ स्टेशन सुरू झालं तर ऐकाल का?' जवळजवळ सगळ्यांनी 'हो'वर टिक केलं. आम्ही खूश. पहिल्या आठवड्यात एका वेळी ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे आम्हीच! दोन सेमिस्टरमध्ये ते स्टेशन बंद पडलं.

तेव्हा वाटलं, मुलांनाच आवड नाही. आज सॉफ्टवेअरमध्ये काही वर्षं काम केल्यावर कळतं, चूक मुलांची नव्हती. 'नवीन तंत्रज्ञान लोक का स्वीकारतात' यावर बराच अभ्यास आधीच झालेला आहे आणि आम्ही त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. तुमच्या कॉलेजात असं काही सुरू करायचं घाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

कॅम्पस रेडिओ आला कुठून?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर फक्त सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. पुढे २००२ च्या शेवटी केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःचं छोटं एफएम स्टेशन चालवायची मुभा दिली. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात 'अण्णा एफएम' सुरू झालं आणि देशात कॅम्पस कम्युनिटी रेडिओची सुरुवात झाली. २००६ मध्ये धोरण बदललं आणि स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळू लागली.

आपल्याकडे पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' १०७.४ वर लागतं. मुंबई विद्यापीठाचं 'रेडिओ मस्ट' १०७.८ वर. साताऱ्यातल्या म्हसवडचं 'माणदेशी तरंग' हे गावाकडचं उदाहरण.

मग चाकणच्या मुलाने सरळ विद्यावाणी लावायचं ना? इथेच अडचण आहे. कम्युनिटी रेडिओला सहसा १०० वॅटपर्यंत प्रभावी शक्ती आणि जमिनीपासून ३० मीटर उंचीपर्यंतचा अँटेना इतकीच परवानगी असते. त्यातून साधारण ५ ते १० किलोमीटरचा पट्टा झाकला जावा, अशी सरकारी अपेक्षा आहे. गणेशखिंडीतून चाकण सरळ रेषेत मोजलं तरी वीस किलोमीटरच्या पुढे भरतं. म्हणजे डिग्री सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, पण विद्यापीठाचा एफएम रेडिओ चाकणच्या हॉस्टेलवर पकडायचा तर कठीणच. आणि विद्यापीठाची कॉलेजं तर पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा तीन जिल्ह्यांत पसरली आहेत.

दुसरी अडचण मोबाईलची. फोनमधला एफएम रेडिओ वायरचा हेडफोन अँटेना म्हणून वापरतो. वायरलेस बड्स लावले की अँटेनाच गायब! शिवाय बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम दिलेलंच नसतं. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला मोबाईल कंपन्यांना 'फोनमध्ये एफएम चालू ठेवा' असा सल्ला द्यावा लागला, यावरून काय ते समजा.

म्हणून चाकणसारख्या ठिकाणी कॉलेज रेडिओचा विषय निघाला की गाडी ऑनलाइनवर येऊन थांबते. टॉवर नको, अँटेना नको, एफएमसारखी स्पेक्ट्रमची परवानगी नको. पण सोपं दिसतं तितकं सोपं नाही.

ऑनलाइन रेडिओ चालतो कसा?

साधे तीन टप्पे आहेत.

१. एन्कोडर: माईकचा आवाज कॉम्प्युटरवर येतो. एक सॉफ्टवेअर तो दाबून लहान करतं, म्हणजे एमपी३, एएसी किंवा ओपस अशा फॉरमॅटमध्ये बदलतं. 'बट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरतं.

२. सर्व्हर: एन्कोडर एकच प्रवाह सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतो. 'आइसकास्ट' हे यातलं जुनं, मोफत आणि ओपन सोर्स नाव.

३. प्लेअर: वेबपेजवरचं प्ले बटण किंवा अ‍ॅप. फोन आधी काही सेकंदांचा आवाज साठवून घेतो आणि मग वाजवायला लागतो. हेच ते बफरिंग.

एफएममध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. एफएमचा टॉवर एकदा बोलला की ऐकणारे दहा असोत की दहा हजार, खर्च तोच. ऑनलाइनमध्ये प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते. ६४ केबीपीएसचा प्रवाह २०० जणांना द्यायचा तर सर्व्हरला १२.८ एमबीपीएस अपलोड लागतो, हजार जणांना ६४ एमबीपीएस. त्यामुळे लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवण्यापेक्षा छोटा क्लाउड सर्व्हर घेतलेला बरा. (आम्ही लॅबच्या कोपऱ्यातला घेतला होता. शनिवारी लॅब बंद झाली की रेडिओही बंद!)

'स्वीकार' म्हणजे नेमकं काय?

१९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस या संशोधकाने 'टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल' मांडलं. त्याचं म्हणणं असं, की माणूस नवीन तंत्रज्ञान वापरेल की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. एक, हे माझ्या उपयोगाचं आहे असं त्याला वाटतं का? आणि दोन, हे वापरायला सोपं आहे असं त्याला वाटतं का?

यातला 'त्याला वाटतं का' हा भाग महत्त्वाचा. बनवणाऱ्याला काय वाटतं याला इथे शून्य मार्क.

२००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश, डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी आठ मॉडेल्स एकत्र करून एक मोठं मॉडेल तयार केलं. त्यात चार मुख्य घटक आहेत: उपयोगाची अपेक्षा, कष्टाची अपेक्षा, आजूबाजूच्या लोकांचा प्रभाव आणि सोयीसुविधा. २०१२ च्या सुधारित आवृत्तीत आणखी तीन आले: मजा, किंमत आणि सवय.

या मॉडेलमध्ये 'वापरायचा इरादा' आणि 'प्रत्यक्ष वापर' हे दोन वेगळे कप्पे आहेत. इरादा झाला म्हणजे वापर झाला, असं नाही. आमच्या फॉर्मने फक्त इरादा मोजला होता. इरादा फुकट असतो हो! टिक करायला काय जातं? प्रत्यक्ष वापराच्या वाटेवर सोयीसुविधा आणि सवय आडव्या येतात, आणि आम्ही तिथेच आपटलो.

आता एकेक घटक चाकणच्या बसमध्ये बसवून बघू.

१. उपयोग: 'मला काय मिळणार?'

गाणी ऐकायची तर मोठमोठी अ‍ॅप्स आहेत. त्यांच्याशी गाण्यांत स्पर्धा केली की हरलातच. मग कॉलेज रेडिओकडे असं काय आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही? तुमच्याच कॉलेजची, तुमच्याच रस्त्याची, तुमच्याच भाषेतली माहिती.

आमचा एकच कार्यक्रम चालला. निघोजेच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेला सिनिअर स्टुडिओत येऊन बोलला. मुलाखतीत काय विचारलं, पहिल्या महिन्यात हातात किती पडले, कँटीन कसं आहे, नाइट शिफ्टला झोपेचं काय करायचं. त्याचं गाव मराठवाड्यातलं, बोलणं एकदम घरचं. दुसऱ्या दिवशी मुलं त्याची क्लिप मागायला लागली. तो लाइव्ह किती जणांनी ऐकला ते सोडा, पण ती ऑडिओ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ज्युनिअरच्या ग्रुपपर्यंत फिरली.

तेव्हा लक्षात यायला हवं होतं. बाहेरगावाहून आलेल्या, चाकण-मेदनकरवाडीत खोली करून राहणाऱ्या मुलाला पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज हवा असतो. तो अंदाज त्याला कुठलंही मोठं अ‍ॅप देत नाही.

२. कष्ट: 'किती टॅप करावे लागतात?'

आमचं अ‍ॅप होतं. ते डाउनलोड करा, मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, मग ऐका. रेडिओसाठी ओटीपी! आज मी स्वतः असं अ‍ॅप उघडलं तर दुसऱ्या स्क्रीनवर बंद करेन.

साधं वेबपेज पुरेसं असतं. एक लिंक, एक मोठं प्ले बटण. पेज उघडल्या उघडल्या आवाज सुरू करायचा प्रयत्न करू नका. २०१८ पासून क्रोम ब्राउझर तसा आवाज अडवतो, वापरणाऱ्याने आधी टॅप करावं लागतं. आणि फोन लॉक केल्यावरही आवाज चालू राहिला पाहिजे, लॉक स्क्रीनवर स्टेशनचं नाव आणि पॉज बटण दिसलं पाहिजे. ब्राउझरमध्ये यासाठी 'मीडिया सेशन' नावाची सोय आहे. ती जोडायला अर्धा दिवस लागतो, पण बसमध्ये उभं राहून ऐकणाऱ्याला सगळा फरक तिथेच पडतो.

३. लोकांचा प्रभाव: 'अजून कोण ऐकतंय?'

प्राचार्यांनी नोटीस काढली की सगळ्यांनी रेडिओ ऐकावा, तर मुलं काय करतील हे सांगायला नको. मॉडेलमध्येही 'सक्तीने की स्वेच्छेने' हा मुद्दा वेगळा धरलाय. हजेरीचं सॉफ्टवेअर सक्तीने वापरलं जातं. रेडिओ नाही.

इथे प्रभाव चालतो तो रूममेटचा. मैत्रिणीचं नाव रेडिओवर घेतलं, मित्राने कविता म्हटली, मेसवाल्या काकूंची मुलाखत झाली, की त्यांच्या ओळखीचे सगळे एकदा तरी ऐकतातच. त्यामुळे आरजे दोन आणि पाहुणे रोज नवे, हे गणित चांगलं. आम्ही उलटं केलं होतं: तेच चार आवाज, रोज.

४. सोयीसुविधा: 'वाजतं तरी का?'

हा भाग पूर्णपणे इंजिनिअरच्या हातातला आहे आणि इथली चूक मुलांना दिसत नाही. त्यांना फक्त 'चालत नाही' एवढंच दिसतं. मग ती पुन्हा येत नाहीत.

आमच्या बाबतीत काय झालं? आइसकास्ट मुळात ८००० नंबरच्या पोर्टवर चालतं. कॉलेज आणि हॉस्टेलच्या वायफायची फायरवॉल मात्र नेहमीच्या वेबसाइटचे ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट सोडत होती. म्हणजे ज्यांच्यासाठी रेडिओ, त्यांच्याच हॉस्टेलवर तो बंद! आम्ही सगळे मोबाईल डेटावर तपासायचो, म्हणून आम्हाला कित्येक आठवडे पत्ताच नव्हता. उपाय सोपा आहे: स्ट्रीम ४४३ वरून, एचटीटीपीएसने द्या. सुरक्षित वेबपेजवर असुरक्षित स्ट्रीम लावला तर ब्राउझरकडून अडवला जायची भीती असते, तोही प्रश्न यातच मिटतो.

दुसरी गोष्ट, बसमधलं नेटवर्क. आइसकास्टचं एकच लांबलचक कनेक्शन असतं. वायफायवरून मोबाईल डेटावर गेलात की ते तुटतं आणि प्लेअरला पुन्हा जोडावं लागतं. याला पर्याय म्हणजे एचएलएस. ही पद्धत अ‍ॅपलने २००९ मध्ये आणली. यात आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून साध्या फाइलसारखे पाठवतात. एक तुकडा अडकला तर पुन्हा मागता येतो. तोटा एवढाच की आवाज पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून उशिरा पोचतो. क्रिकेटच्या कॉमेंट्रीला ते खुपेल. 'फॉर्म भरायची तारीख वाढली' हे वीस सेकंद उशिरा कळलं तर काय बिघडतं?

५. किंमत, मजा आणि सवय

'डेटा संपेल' ही भीती खूप जणांना असते. हिशोब करू. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, तासाला २८.८ एमबी. दिवसभर, अगदी २४ तास चालू ठेवलं तरी ७०० एमबीच्या आत. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाला हा खर्च काहीच नाही. आणि नुसतं बोलणं असेल तर ओपस किंवा नव्या एएसीमध्ये ३२ केबीपीएसही छान ऐकू येतं, तासाला १४.४ एमबी. हा आकडा प्ले बटणाच्या खालीच लिहा. भीती तिथल्या तिथे जाते.

सवय मात्र पैशाने येत नाही, वेळेने येते. 'कधीही ऐका' म्हणजे बहुतेक वेळा 'कधीच ऐकू नका'. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा, बस भरायच्या वेळेला, एवढंच चालवा. उरलेल्या वेळात जुने भाग वाजू देत. आम्ही हौसेने चोवीस तासांचं स्टेशन काढलं होतं आणि त्यातले बावीस तास एकच गाण्यांची यादी फिरत होती.

आणि हो, गाण्यांचं काय?

'कॉलेजचा रेडिओ आहे, पैसे कुठे कमावतोय' असं म्हणून चालत नाही. गाणं वाजवायचं तर दोन वेगळे हक्क येतात: रेकॉर्डिंगचा आणि शब्द-संगीताचा. यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस अशा संस्था आहेत. रेडिओ-टीव्हीसाठी कॉपीराइट कायद्यात ३१डी हे वैधानिक परवान्याचं कलम आहे. पण ते इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं. म्हणजे 'एफएमवाले वाजवतात मग आम्ही का नाही' हा युक्तिवाद ऑनलाइनला चालणार नाही.

मला विचाराल तर ही अडचण नसून फायदा आहे. बाहेरची गाणी नाहीत म्हटल्यावर बोलणं, मुलाखती, मुलांनी स्वतः रचलेली गाणी यावर भर द्यावा लागतो. आणि मघाशी पाहिलं तसं, तुमच्याकडे असलेली वेगळी गोष्ट तीच आहे.

मग मुलांना विचारायचं कसं?

'ऐकाल का?' हा प्रश्न फॉर्ममधून काढून टाका. त्याऐवजी हे विचारा:

- काल संध्याकाळी प्रवासात काय ऐकलंत? कुठल्या अ‍ॅपवर?
- गेल्या महिन्यात कॉलेजची कुठली माहिती तुम्हाला उशिरा कळली? त्यामुळे काय नुकसान झालं?
- शेवटचा ऑडिओ तुम्ही कुणाला फॉरवर्ड केलात आणि का?

हे सगळे प्रश्न घडून गेलेल्या गोष्टींबद्दल आहेत. पुढचं आश्वासन कुणीही देतं, कालचं मात्र माणूस बऱ्यापैकी खरं सांगतो.

सुरू झाल्यावर सर्व्हरचे आकडे बघा, पण जपून. एका हॉस्टेलचं वायफाय बाहेरून एकाच आयपी पत्त्यासारखं दिसू शकतं. त्यामुळे 'एक श्रोता' म्हणजे एका खोलीतले तीन किंवा एका हॉस्टेलचे तीस असू शकतात. मी तर तीनच गोष्टी बघेन: एका वेळी किती कनेक्शन होती, सरासरी किती मिनिटं टिकली आणि कार्यक्रमानंतर क्लिप किती जणांनी मागितली. शेवटची सगळ्यात खरी. यासाठी मुलांचा नंबर, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स काहीच गोळा करायची गरज नाही.

थोडक्यात

- आधी आठवड्यात तीन दिवस, रोज अर्धा तास. जमलं तर वाढवा.
- अ‍ॅप नको, लॉगिन नको. एक लिंक, एक बटण.
- स्ट्रीम ४४३ पोर्टवर. हॉस्टेलच्या वायफायवर स्वतः जाऊन तपासा.
- बोलण्यासाठी ३२ ते ६४ केबीपीएस पुरे.
- प्रत्येक कार्यक्रमाची चार-पाच मिनिटांची क्लिप त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर.
- दर आठवड्याला नवे आवाज. मेसवाले, बस कंडक्टर, ट्रेनी, पहिल्या वर्षाची मुलं.
- पासआउट होण्याआधी पासवर्ड आणि सर्व्हरची माहिती ज्युनिअरला लिहून द्या.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमचं स्टेशन शेवटी त्यावरच गेलं. आम्ही प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटच्या गडबडीत पडलो, सर्व्हरचा पासवर्ड एकाच्या डोक्यात होता, आणि तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. स्टेशन मुलांनी नाकारलं असं आम्ही सांगत राहिलो. खरं तर आम्ही ते त्यांच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं.

परवा त्याच बसने चाकणला गेलो. शेजारी बसलेला मुलगा फोनवर कुणाला तरी विचारत होता, "अरे, त्या कंपनीत ट्रेनीला रूम देतात का रे? कुणाला माहितीये का?" त्याला उत्तर देऊ शकेल असा एखादा सिनिअर त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला असणार. या दोघांची गाठ घालून देणारा अर्धा तास तुमच्या स्टेशनवर असेल, तर त्या मुलाला 'ऐकशील का?' असं विचारावंच लागणार नाही.